एसओएसचं वेगळं बिऱ्हाड

पुण्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो बाजूला ठेववेना. सर्व्हरवरच्या लिनक्स कंटेनरमधला कोअर डम्प त्यांनी आपल्या लॅपटॉपवर आणला, डॉटनेट-डम्पमध्ये उघडला, सीएलआरस्टॅक ही एसओएसची कमांड दिली. उत्तर आलं : डेटा अ‍ॅक्सेस मॉड्यूल लोड होत नाही. साधनाची ताजी आवृत्ती बसवूनही एरर हटेना. ‘एसओएस रनटाइमच्या रेपोतून बाहेर काढलं, त्याचाच हा परिणाम का?’ असं ते विचारतात.

नाही. पण त्या स्थलांतरात नेमकं काय हललं आणि काय जागेवर राहिलं, हे कळलं की त्यांची अडचण सुटते.

एसओएस म्हणजे सन ऑफ स्ट्राइक. डॉटनेटच्या रनटाइमचं, म्हणजे सीएलआरचं, सुरुवातीचं अंतर्गत नाव लाइटनिंग, त्याच्या डिबगर एक्स्टेन्शनचं स्ट्राइक, आणि बाहेरच्यांना देण्यासाठी त्यातून निघालं ते एसओएस. डॉटनेट फ्रेमवर्कबरोबरच ते मशीनवर यायचं. २०१५ मध्ये कोअरसीएलआरचा, म्हणजे डॉटनेट कोअरच्या रनटाइमचा, कोड खुला झाला तेव्हाही ते त्याच रेपोत होतं. २०१९ च्या डॉटनेट कोअर ३.० पर्यंत मात्र त्याने डायग्नोस्टिक्स नावाच्या रेपोत वेगळं बिऱ्हाड थाटलं.

कारण अगदी व्यवहारी होतं. डम्पहीप या एसओएसच्या कमांडमधला एखादा बग आज दुरुस्त केला, तरी तो लोकांच्या हाती पडायला रनटाइमची पुढची आवृत्ती यावी लागे. प्रॉडक्शनमधलं जुनं रनटाइम तर कोणी त्यासाठी बदलत नाही. म्हणजे जिथे गरज, तिथेच दुरुस्ती नाही. लिनक्सवर आणखी एक जाच : एसओएसचा प्लगिन एलएलडीबी या डिबगरच्या ज्या आवृत्तीसाठी बांधलेला, तीच आवृत्ती मशीनवर लागायची. आता डॉटनेट-एसओएस एकदा बसवलं की तेच एक एसओएस रनटाइमच्या अनेक आवृत्त्यांचे डम्प वाचतं.

हे जमलं ते डॅकमुळे, आणि डॅक रनटाइमच्या रेपोतून हललं नाही. डॅक म्हणजे डेटा अ‍ॅक्सेस कंपोनंट. रनटाइमचा सी प्लस प्लस कोड दोनदा कंपाइल होतो : एकदा खुद्द रनटाइम म्हणून, दुसऱ्यांदा वेगळा फ्लॅग लावून डॅक म्हणून. दुसऱ्या खेपेला पॉइंटरांच्या जागी खास टेम्प्लेट येतात. ते पत्ता स्वतःच्या मेमरीत शोधत नाहीत, डम्पमधल्या मेमरीतून वाचतात. मेथडटेबल या रनटाइमच्या अंतर्गत रचनेत कोणतं फील्ड कितव्या बाइटवर आहे, हे असं थेट मूळ कोडमधूनच डॅकला कळतं. त्या रचनेत कोणी बदल केला की रनटाइम आणि डॅक दोन्ही एकत्रच बदलतात. डॅकही बाहेर काढलं असतं तर तो घात ठरला असता. मेमरीची मांडणी जाणणारं आत आणि माणसाला दाखवणारं बाहेर, ही रेघ मला फार नेमकी वाटते.

किंमत मोजावी लागलीच. पूर्वी एका पुल रिक्वेस्टमध्ये दोन्हीकडचा कोड बदलता येई. आता डॅक आणि एसओएस यांच्यामधला इंटरफेस जपावा लागतो. नवं काही हवं असेल तर जुन्या इंटरफेसला हात न लावता त्याच नावापुढे २, ३, ४ असे आकडे लावून नवे जोडले जातात. जुन्या रनटाइमचं डॅक आणि नवं एसओएस एकमेकांशी बोलू शकतात ते या शिस्तीमुळे.

आता त्या वाचकाचा डम्प. एसओएस ताजं असलं तरी चालेल, पण डॅक मात्र कंटेनरमधल्या रनटाइमच्या त्याच बिल्डचं हवं, ३.१.४ च्या जागी ३.१.५ चालत नाही. लॅपटॉपवर ते नव्हतं, म्हणून ती एरर. डॉटनेट-सिम्बॉल या साधनाला डम्पची फाइल द्या. ते मायक्रोसॉफ्टच्या सिम्बॉल सर्व्हरवरून बिल्ड आयडी जुळणारं डॅक उतरवून घेतं. कंटेनरची इमेज हाताशी असेल तर रनटाइमच्या फोल्डरमधून लिबएमएसकॉरडॅककोअर ही फाइल काढून घ्या आणि सेटसीएलआरपाथ या कमांडने ती ठेवलेला फोल्डर दाखवा. मग सीएलआरस्टॅक पुन्हा चालवा.