वाटेवर थांबण्याचा हक्क

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा पाठ आमच्या वर्गांतून दरवर्षी होतो. त्याची कायदेशीर बाजू मात्र मागे राहते. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना स्वतः तळ्याकाठी जाऊन पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. कागदावर खुली झालेली जागा प्रत्यक्षात खुली होतेच असे नाही.

कधी याच्या उलट घडते. जागा सर्वांची असते, पण तेथे थांबणारा माणूसच गुन्हेगार ठरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मापासूनच तो शिक्का मारला. हजेरी द्यावी लागे. हद्द सोडण्यास परवाना लागे. सोलापुरास अशा कुटुंबांची 'सेटलमेंट' होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे बंधन सुटले, म्हणून त्या जमाती 'विमुक्त' म्हणवतात.

त्यानंतर सात वर्षांनी मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या व्याख्येत हात पसरणे एवढेच बसत नाही. गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ करून वा वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे मागणेही त्यात येते. उपजीविकेचे साधन दिसत नसता सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही भिकारी ठरू शकतो. पोलीस त्याला वॉरंटाशिवाय पकडू शकतात; दोष सिद्ध झाल्यास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. म्हणजे नंदीबैलवाला, डोंबारी, नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर, यांची सुटका पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. परंतु त्या निकालाची कक्षा दिल्लीपुरती होती.

म्हणून पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली अनुच्छेद २२ ची: अटकेचे कारण विचारता येते, वकील गाठता येतो, आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. दुसरी आपल्या वागण्याची. अंबरनाथ स्थानकाच्या फलाटावर किंवा मोरिवलीच्या रस्त्यावर कोणी पाल टाकून बसलेला दिसला, तर "हा येथे कशाला?" असे आपल्या तोंडून निघू नये. हाच प्रश्न कालपर्यंत आपल्या आजोबांना पाणवठ्यावर विचारला जात होता.