वाचलं, कळलं, मग पेपरात आठवत का नाही?



आज बोलू या बारावीच्या मानसशास्त्राबद्दल. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली कला शाखेत हा विषय घेतात. काही जणी तर स्वतःच, संसार सांभाळून, १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसतात. स्वभाव, राग, ताण, आठवण हे सगळं रोजच्या जगण्यातलं, म्हणून विषय सोपा वाटतो. धडा वाचला की मुलगी म्हणते, "हे तर मला माहीतच आहे." आणि पेपरात व्याख्या लिहायला घेतली की दोन ओळींवर पेन थांबतं.

असं का होतं? ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. आठवडी बाजारात एखादी बाई समोर येते. चेहरा ओळखीचा असतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो असाच ओळखीचा होतो. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं, तिथे आठवावंच लागतं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय याच विषयात आहे. जर्मनीतल्या हरमान एबिंगहॉस यांनी अर्थ नसलेले शब्द स्वतः पाठ केले आणि किती वेळाने किती विसरतं ते मोजलं. १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं, की माणूस सुरुवातीच्या काही तासांत भराभर विसरतो, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवरचा प्रयोग मांडला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मिटला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

म्हणजे करायचं काय? धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि वहीत आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघायचं. हेच दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. परीक्षेच्या आदल्या रात्री सहा तास बसण्यापेक्षा असे थोडे थोडे तास जास्त टिकतात. गटात दर महिन्याला थोडी थोडी बचत करतो ना, तसंच हे.

दुसरी गोष्ट उदाहरणाची. संकल्पना पाठ केली, पण उदाहरण देता आलं नाही, तर ती समजली नाही असं धरा. अभिजात अभिसंधान हा शब्द ऐकूनच मुली घाबरतात. रशियातल्या पावलॉव्ह यांच्या कुत्र्याला अन्नाआधी ठरावीक आवाज ऐकवत. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला लाळ सुटू लागली. आता आपल्या गोठ्यात बघा. धारेच्या वेळी बादलीचा आवाज झाला की म्हैस पान्हा सोडते, अजून सडाला हात लागलेलाही नसतो. तत्त्व तेच. मुलीने पावलॉव्हचा प्रयोग लिहावा आणि खाली हे उदाहरण द्यावं.

बुद्धिगुणांकाचंही तसंच. मानसिक वयाला शारीरिक वयाने, म्हणजे जन्मतारखेप्रमाणे होणाऱ्या वयाने, भागायचं आणि १०० ने गुणायचं. मूल १० वर्षांचं आणि मानसिक वय १२, तर बुद्धिगुणांक १२०. सूत्र नुसतं घोकण्यापेक्षा अशी चार गणितं करून बघितली की ते विसरत नाही.

तिसरी गोष्ट गुणांची. लेखी पेपर ८० गुणांचा असतो, बाकीचे २० प्रकल्प-प्रात्यक्षिकाचे. हे २० गुण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. १७ नंबरवाल्या मैत्रिणींनी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रकल्पाची चौकशी आधीच करावी. आणि जुन्या प्रश्नपत्रिका नुसत्या वाचू नका, घड्याळ लावून सोडवा. पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. नुसत्या गाईडवर राहू नका.

आता आयांनो, तुमचं काम. "मला कुठं वाचता येतं?" असं म्हणू नका. भाकरी थापताना लेकीला म्हणा, "आज काय शिकलीस ते मला समजेल असं सांग." ती जिथे अडखळेल, तिथलाच धडा कच्चा. समजलं नाही तर "म्हणजे काय गं?" एवढं विचारा. गटाच्या बैठकीतही दहा मिनिटं एखाद्या मुलीला द्या. तिने एक संकल्पना समजावून सांगावी, आपण प्रश्न विचारावेत.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की एका विषयात नापास झाली तरी कितीतरी घरांत "आता पुरे झालं शिक्षण, स्थळं बघू" असं सुरू होतं. मुलीची बुद्धी कमी नसते, अभ्यासाची रीत चुकलेली असते. आणि राहिलाच विषय, तर पुरवणी परीक्षा असते. तेवढ्यासाठी तिची वाट बंद करू नका. परीक्षेच्या ताणाने तिची झोप-जेवण उडालं, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.

आज रात्री भांडी झाली की लेकीला एकच सांगा, "पुस्तक मिट आणि सांग."