‘वयच तसं असतं’ म्हणून सोडून देण्याआधी

आठवी ते दहावीच्या वर्षांत घरात मार्कांची जेवढी चर्चा होते, तिच्या पावपटही झोपेची, थकव्याची किंवा मैत्रीतल्या रुसव्यांची होत नाही. मग काही बिनसलं की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. त्यांतली काही तपासून पाहू.

गैरसमज : वयच तसं असतं, आपोआप ठीक होईल.

वस्तुस्थिती : चिडचिड, उलट उत्तरं, मित्रांसाठी घरच्यांशी वाद हे बऱ्याचदा वयाचंच असतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, आवडता खेळ सुटला, झोप-भूक बदलली, शाळेच्या वेळेलाच पोटात दुखू लागलं, तर ‘नाटकं’ न म्हणता डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावं.

गैरसमज : सकाळी उठवत नाही, म्हणजे आळशी आहे.

वस्तुस्थिती : वयात येताना झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे दहाला आडवं झालं तरी डोळा लागत नाही. मोबाइल त्यात भर घालतो, पण मूळ कारण शरीरातच आहे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय झाला. ज्यांचं झोपेचं घड्याळ सर्वांत जास्त पुढे सरकलेलं असतं, ती मोठी मुलं मात्र त्यातून सुटली.

गैरसमज : लक्ष लागत नाही, म्हणजे अभ्यासाचा कंटाळा.

वस्तुस्थिती : आधी रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. थकवा आणि एकाग्रता न होणं ही त्याची नेहमीची लक्षणं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळते म्हणून अनेकदा टाकून दिली जाते. ती जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो.

गैरसमज : एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं की झालं, बाकी शिक्षक बघतील.

वस्तुस्थिती : गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत हे काम शिक्षकांना दिलं, काहींत खास प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहर मित्रां’ना. हे मित्र व्यावसायिक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. परिपाठाला एखादा विषय मांडणं, भित्तिपत्रक चालवणं, मुलांना मनातलं लिहून टाकता येईल अशी पेटी ठेवणं, दादागिरीविरुद्ध शाळेचे नियम ठरवणं आणि गरज असेल त्याच्याशी एकांतात बोलणं, हे त्यांचं काम. मित्र असलेल्या शाळांतलं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही. शिक्षकांची कळकळ कमी पडली असं नव्हे. पण जो मार्क देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्यापाशी मन मोकळं करणं मुलांना जडच जातं. शिवाय पोर्शन, पेपर आणि सरकारी माहिती भरण्यातून शिक्षकांना वेळ उरतो किती? सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, समाजकार्यकर्ता किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असं सांगितलं आहे.

गैरसमज : जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल विचारलं, तर नसता विचार डोक्यात येईल.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरच्या २००५ मधल्या अभ्यासात, असा प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास किंवा असे विचार वाढले नाहीत. ‘जगणं नको वाटतं का?’ असं शांतपणे, सरळ विचारावं. उत्तर ‘हो’ असेल तर उपदेश करू नये, मुलाला एकटं सोडू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतात.

गैरसमज : दहावीत विषय राहिला की वर्ष गेलं.

वस्तुस्थिती : राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश घेता येतो. हे मुलांना निकालाच्या दिवशी नव्हे, वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

पुढच्या पालकसभेत प्रगतिपुस्तक उघडण्याआधी शाळेला तीन गोष्टी विचारा : मुलांनी अडचण सांगायला जायचं कुणाकडे? मार्क देणाऱ्यांपेक्षा ती व्यक्ती वेगळी आहे का? आणि तक्रारपेटी असेल तर ती शेवटची कधी उघडली होती?