थोरला सातवीत, धाकटी चौथीत. पण कोणत्या विषयात?

मुलांना घरीच शिकवायचे ठरवलेल्या पालकांचा पहिला खर्च बहुधा पुस्तकांवर होतो, आणि पहिली गफलतही तिथेच होते. थोरला बारा वर्षांचा म्हणून सातवीचा संच, धाकटी नऊची म्हणून चौथीचा. शाळा सुटली तरी इयत्ता काही घरातून जात नाही. दोन-तीन महिन्यांनी अनेक घरांत एकच गाडी अडलेली दिसते. धाकटी मराठीचे पुस्तक कधीच संपवून दादाच्या पुस्तकात डोकावत असते, वजाबाकीत मात्र रडकुंडीला येते. थोरला इतिहासात रमतो. भागाकार निघाला की त्याला तहान लागते.

शाळेला इयत्तेशिवाय चालत नाही. एका शिक्षकापुढे तीस-चाळीस मुले बसवायची, तर त्यांना कुठल्या तरी एका रेषेत आणावेच लागते आणि वय ही त्यातल्या त्यात सोयीची रेषा. घरात विद्यार्थी दोन किंवा तीन. तिथे प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयातली पायरी वेगळी ठेवता येते. घरशाळेचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि दोन इयत्तांचे दोन तयार संच आणून पालक तोच पहिल्या दिवशी गमावून बसतात.

इयत्ता सोडायला मन धजत नाही, याचे कारण बहुतेकदा एक भीती असते: उद्या पुन्हा शाळेत घालावे लागले तर? २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार सहा वर्षांवरील मूल शाळेत कधीच गेले नसेल किंवा मध्येच शाळा सुटली असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि इतर मुलांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. ही तरतूद चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी गणित एक पायरी खाली घेतले, म्हणून शाळेचे दार बंद होत नाही. त्याच कायद्याचे दहावे कलम मुलांना शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, पण तसे न करणाऱ्या पालकांसाठी दंडाची तरतूद त्यात नाही. होमस्कूलिंग करणारी कुटुंबे या मोकळ्या जागेत वावरतात, हेही पालकांनी जाणून असावे.

मग पायरी शोधायची कशी? त्यासाठीचे एक साधन मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून तयार झाले आहे. २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात होणारे ‘असर’ सर्वेक्षण पाच ते सोळा वयाच्या प्रत्येक मुलाला एकाच कागदावर तपासते. मूल कितवीत आहे याने प्रश्न बदलत नाहीत. वाचनात अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात एकअंकी आणि दोनअंकी संख्यांची ओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीनअंकी संख्येला एकअंकी संख्येने भागाकार. एका मुलामागे काही मिनिटे पुरतात. याच तपासणीवर उभ्या असलेल्या ‘प्रथम’च्या अध्यापन पद्धतीत मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार पाडतात. दोन वयांची भावंडे असलेल्या घराला ही रीत आयती लागू पडते.

अशा तपासणीत गुणांपेक्षा चूक जास्त बोलते. धाकटीला ५२ वजा १७ दिले आणि तिने ४५ लिहिले, तर तो धांदरटपणा नाही. तिने पाचातून एक काढला आणि सातातून दोन. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. दशक सुटा करायचा असतो हे तिच्या गावीच नाही. चौथीचे पुस्तक पुढे रेटण्याआधी दहाच्या मोळ्या आणि सुट्या काड्या घेऊन दोन आठवडे खाली बसायला हवे. थोरल्याने ६१२ भागिले ६ चे उत्तर १२ काढले, तर त्याचे पाढे पक्के आहेत, फक्त भागाकारातला शून्य हरवला आहे. त्याला पाचवीचे अख्खे पुस्तक पुन्हा करायला लावणे ही शिक्षा ठरेल. तेवढाच भाग चार-पाच दिवस घोटून घेतला की पुरे.

मराठी वाचनातला असाच उंबरठा म्हणजे जोडाक्षरे. ‘कमल, बघ’ झरझर वाचणारे मूल ‘स्वच्छ’ किंवा ‘प्रात्यक्षिक’पाशी थबकते आणि मग अंदाजाने ठोकून देते. मोठ्याने वाचायला लावल्याशिवाय हे कळत नाही. ‘प्रथम बुक्स’च्या पुस्तकांवर इयत्तेऐवजी एक ते चार अशी पातळी छापलेली असते, आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात. दोन्ही मुलांना त्यातून आपापली गोष्ट निवडता येते.

‘असर’चा कागद दुसरी-तिसरीच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे मोठ्या मुलासाठी आधीच्या इयत्तेचे पुस्तक काढावे. सातवी घ्यायची का, हे ठरवायला ‘बालभारती’च्या सहावीच्या गणितातली शेवटच्या प्रकरणांची दहा उदाहरणे द्यावीत. आठ-नऊ बरोबर आली तर पुढे जावे. निम्मीच आली तर सहावीतच थांबून कच्चे दुवे शोधावेत. हा ढोबळ आडाखा आहे, पण दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा भरवशाचा.

परदेशी अभ्यासक्रम मागवणाऱ्यांना ही सोय आयती मिळते. अमेरिकेतल्या ‘सॅक्सन मॅथ’ आणि ‘सिंगापूर मॅथ’च्या पातळी-चाचण्या घरबसल्या घेता येतात. ‘मॅथ-यू-सी’ने तर पुस्तकांना इयत्तेचे आकडेच दिले नाहीत, अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरांची नावे दिली. ज्या घरात धाकटी थोरल्याला गाठू लागली आहे, तिथे या नावांची किंमत कळते. ‘तू अजून पाचवीतच?’ हा टोमणा मारायला आकडाच उरत नाही. बालभारतीची पुस्तके वापरणाऱ्यांनी कव्हर घालून इयत्ता झाकली, तरी तेवढेच साधते.

सगळेच विषय असे वेगळे केले, तर आईबाबांचा दिवस पुरणार नाही. म्हणून विषयांचे दोन ढीग करावेत. गणित, वाचन, लेखन आणि व्याकरण हे पायरीचे विषय. खालची विटकर निसटली की वरचे ढासळते. इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी, कला यांत मुले एकत्र बसू शकतात. ही वाटणी जुनीच आहे. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांनी १८९१ मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाने अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली, त्यात दोन-तीन वर्षांच्या फरकाची मुले एका गटात बसत. अमेरिकेत सुझन वाइज बाउर आणि जेसी वाइज यांच्या १९९९ च्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ या पुस्तकाने चार वर्षांचे इतिहासचक्र लोकप्रिय केले. घरातली सगळी भावंडे एका वर्षी एकाच कालखंडात असतात, प्रत्येकाचे पुस्तक तेवढे निराळे.

महाराष्ट्रात हे करायला परदेशी चक्राचीही गरज नाही. चौथीचे ‘शिवछत्रपती’ आणि २०१७ साली आलेले सातवीचे मध्ययुगीन इतिहासाचे पुस्तक एकाच काळाभोवती फिरतात. पुरंदरचा तह घ्या. जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे ठेवले. दोघांना ही हकीकत एकत्रच वाचून दाखवावी. मग धाकटीने नकाशात पुरंदर आणि सिंहगड शोधावेत, मुरारबाजींची गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. थोरल्याने महाराजांनी तह का केला यावर एक पान लिहावे, आणि त्याच्या पुस्तकात पहिल्याच पाठात येणारी इतिहासाची साधने आठवून बखर आणि अस्सल पत्र यांत कशावर किती विसंबायचे ते ठरवावे. वाचन एक, काम दोन.

या सोयीला एक मोह चिकटलेला असतो: पायरीच्या विषयांतही दोघांना मधल्या पातळीवर, म्हणजे पाचवीच्या गणितावर, एकत्र बसवण्याचा. वेळ वाचतो खरा, पण धाकटीला ते झेपत नाही आणि थोरला कंटाळतो. त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींची रीत बरी. एका वर्गाला फळ्यापाशी शिकवताना दुसऱ्याला स्वतः करता येईल असे काम दिलेले असते, आणि थोड्या वेळाने अदलाबदल होते. घरी गणिताला प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे एकट्याने मिळाली तरी खूप झाले. थोरल्याने धाकटीला अधूनमधून समजावून सांगणे चांगलेच. पण रोज तिचा अभ्यास त्याच्या गळ्यात पडू लागला, तर त्याचा स्वतःचा मागे पडतो आणि भांडणे वाढतात.

पायऱ्यांची ही मोकळीक कायमची नसते. परीक्षा जवळ आली की वय पुन्हा मोजले जाते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या म्हणजे एनआयओएसच्या दहावीसाठी किमान वय चौदा, बारावीसाठी पंधरा. दहावीला पाच विषय लागतात, माध्यम मराठीही घेता येते, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. महाराष्ट्राच्या राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा दहा वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि आठवीची तेरा वर्षे पूर्ण झालेल्यांना देता येते. त्यामुळे धाकटी कितीही हुशार निघाली, तरी दहावीचा अर्ज तिला वयाआधी भरता येणार नाही. तिला घाईने वर चढवण्यात काही हशील नाही. थोरल्याकडे मात्र दोन वर्षे आहेत. त्याला कोणत्या मंडळाची दहावी द्यायची आणि कोणते पाच विषय घ्यायचे, हे बाराव्या वर्षीच ठरवावे, कारण त्या विषयांतले कच्चे दुवे भरायला एवढा वेळ लागतोच. मंडळांचे नियम आणि तारखा बदलत असतात. तेव्हा या जूनमध्ये नवा संच विकत घेण्याआधी एक दुपार दोघांच्या तपासणीला द्यावी, आणि त्याच दिवशी दोन्ही मंडळांची चालू वर्षाची प्रवेश माहितीपुस्तिका वाचून ठेवावी.