व्यवस्थापनाची तत्त्वे आणि ख्रिस्ती विद्यापीठ : पेपर तोच, प्रश्न वेगळा



बारावी कॉमर्सचा निकाल लागला की गावात एक प्रश्न हमखास येतो. "पोरीला बी.बी.ए.ला घालायचं म्हणतोय, पण तिथं शिकवतात काय?" आणि कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं असेल तर त्याला जोडून दुसरा प्रश्न, "तिथं धर्माचं काही शिकवत नाहीत ना?" आपण प्राथमिकचे शिक्षक असलो तरी पालक आधी आपल्यालाच विचारतात, कारण घरातलं कोणी कॉलेजला गेलेलं नसतं. म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आज सोप्या भाषेत पाहू.

हा पेपर म्हणजे काय?

बी.बी.ए. किंवा बी.कॉम.च्या सुरुवातीलाच 'व्यवस्थापनाची तत्त्वे' हा विषय येतो. आपल्या बारावीच्या 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या विषयातही त्याची ओळख होते. या विषयात दोन नावं पाठच करावी लागतात.

पहिलं नाव हेन्री फेयॉल. हे फ्रान्समधले खाण-अभियंते. मोठी खाण कंपनी अनेक वर्षं सांभाळल्यावर १९१६ साली त्यांनी आपला अनुभव लिहून काढला आणि व्यवस्थापनाची १४ तत्त्वं सांगितली. श्रमविभागणी, अधिकार व जबाबदारी, शिस्त, आदेशातील एकवाक्यता, मोबदला, समता, पुढाकार, संघभावना ही त्यातली काही.

दुसरं नाव फ्रेडरिक टेलर. हे अमेरिकेतले अभियंते. १९११ साली त्यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं. घड्याळ लावून प्रत्येक काम मोजायचं, ते करण्याची सगळ्यात चांगली पद्धत शोधायची आणि कामगाराला तीच शिकवायची, असा त्यांचा विचार.

याला जोडून नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय आणि नियंत्रण ही कार्यं येतात. विषय एवढाच. तो पुण्यात शिका, बंगळुरूला शिका की अमेरिकेत, फेयॉल आणि टेलर बदलत नाहीत.

आपल्या शाळेतलं उदाहरण

ही तत्त्वं पुस्तकी वाटतात, पण आपण ती रोज जगतो. शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी ही झाली अधिकाराची साखळी. 'आदेशातील एकवाक्यता' म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा. आता बी.एल.ओ.चं काम असलेल्या शिक्षकाचा विचार करा. तहसीलमधून मतदारयादीचा निरोप येतो, पंचायत समितीकडून "माहिती आजच द्या" असा मेसेज येतो, आणि समोर चौथीचा वर्ग बसलेला असतो. हे तत्त्व मोडलं की काय होतं ते आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही! फेयॉलने शंभर वर्षांपूर्वी हेच सांगून ठेवलंय की दोन धनी झाले की शिस्तही बिघडते आणि कामही.

ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे कोणतं?

लांब जायला नको. पुण्यात औंधजवळ स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची ही संस्था १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, पुढे बंगळुरूला गेली आणि १९४०च्या दशकात पुण्यात आली. २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बंगळुरूचं क्राइस्ट विद्यापीठ कॅथलिक संस्थेचं आहे. त्याची सुरुवात १९६९ची, आणि त्याचा एक परिसर आपल्या पुणे जिल्ह्यात लवासाला आहे. जमशेदपूरच्या एक्स.एल.आर.आय. या संस्थेचंही व्यवस्थापन शिक्षणात नाव मोठं आहे. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी ती १९४९ साली सुरू केली, तीही पोलाद कारखान्याच्या गावात. कामगार आणि मालक यांचे संबंध हाच तिचा सुरुवातीचा विषय होता.

मग तिथं वेगळं काय असतं?

अभ्यासक्रम तोच. फरक असतो तो जोडीला येणाऱ्या उदाहरणांत आणि प्रश्नांत. अशा संस्थांत विषयाची सांगड श्रद्धेशी घालायची पद्धत आहे, कुठे जास्त, कुठे कमी. चार उदाहरणं पाहू.

१) मोशे आणि त्याचा सासरा. बायबलमध्ये 'निर्गम' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात ही गोष्ट आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसतो. सासरा इथ्रो ते बघतो आणि सांगतो, असं केलंस तर तू आणि लोक दोघेही थकून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. लहान तंटे ते सोडवतील, मोठे तुझ्याकडे येतील. याला आपण अधिकार-प्रदान म्हणतो. पण इथ्रो एक अट घालतो, की नेमलेली माणसं विश्वासू आणि लाचेचा तिटकारा असणारी हवीत. नुसती रचना पुरत नाही, तिथं बसणारा माणूस कसा आहे हेही पाहावं लागतं.

२) द्राक्षमळ्यातले मजूर. ही येशूची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा दुपारी लावतो, आणि दिवस मावळायला तास उरला असताना आणखी काही लावतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो! पहाटेपासून राबलेले चिडतात. आता फेयॉलचं मोबदल्याचं तत्त्व लावा. काम तसा दाम म्हणाल तर मालक चुकला. पण शेवटी आलेल्या मजुराला दिवसभर कोणी कामावरच घेतलं नव्हतं, आणि त्याच्याही घरी चूल पेटायची आहे, हे लक्षात घेतलं तर? वर्गात यावर दोन गट पाडले तर तास संपतो, पण वाद संपत नाही. रोजगार हमीवर गेलेल्या घरातल्या मुलाला हा वाद पुस्तकाबाहेरचा वाटणार नाही.

३) टेलरचा 'स्मिट'. टेलरने पुस्तकात एका कामगाराची गोष्ट सांगितली आहे. बेथलेहेम पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणारा हा माणूस दिवसाला साडेबारा टन माल चढवायचा. टेलरच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन चढवू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. गणित मांडून बघा. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. टेलरने या कामाला योग्य माणसाची तुलना बैलाशी केली होती आणि त्याला 'स्मिट' हे टोपणनाव दिलं होतं. त्याचं खरं नाव हेन्री नोल. प्रत्येक माणूस देवाची प्रतिमा आहे असं मानणाऱ्या ठिकाणी टेलर शिकवायचा, तर हे खरं नावही सांगायला हवं आणि विचारायला हवं, "वाढलेल्या कामातला वाटा कोणाला किती मिळाला?"

४) आठवड्याची सुट्टी. ॲडव्हेंटिस्ट लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. त्या वेळात काम, व्यवहार बंद. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला यातून विचारता येतं की विश्रांती हा खर्च की हक्क? याचं आपल्या मातीतलं उत्तर नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिलं. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी या सत्यशोधक नेत्याने वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. शब्बाथ धर्मातून आला, आपला रविवार कामगार चळवळीतून. माणूस यंत्र नाही, हा विचार मात्र दोन्हीकडे एकच.

'सेवक-नेतृत्व' हा शब्दही अशा वर्गात खूप ऐकू येतो. तो रूढ केला रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी, १९७०च्या एका निबंधातून. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट याला हमखास जोडली जाते. पण ग्रीनलीफ यांनी स्वतः सांगितलेली प्रेरणा हर्मान हेस या जर्मन लेखकाच्या एका कथेची होती. चांगला विचार कुठल्याही दाराने येऊ शकतो, हे मुलांना यातून छान सांगता येतं.

पालकांची शंका : धर्माचं काय?

ही शंका मनात ठेवू नका, सरळ बोला. आपल्या राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. आणि कलम २८(३) सांगतं की शासनाने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. म्हणजे संस्थेचा हक्क आणि विद्यार्थ्याचं स्वातंत्र्य, दोन्ही घटनेतच आहेत.

यातला महत्त्वाचा शब्द 'संमती'. प्रवेश अर्ज आणि माहितीपत्रक सही करण्याआधी ओळ न ओळ वाचा. प्रार्थनासभेची हजेरी, वसतिगृहाचे नियम, आहार, पोशाख याबद्दल काय लिहिलंय ते पाहा. इंग्रजी समजत नसेल तर शाळेत घेऊन या, आपण शिक्षक कशाला आहोत?

प्रवेशाआधी एवढं करा

- विद्यापीठाची मान्यता यू.जी.सी.च्या संकेतस्थळावर तपासा.
- पूर्ण तीन-चार वर्षांची फी, वसतिगृह आणि मेससह, लेखी मागा. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर कर्ज काढू नका.
- शिष्यवृत्ती त्या संस्थेला लागू होते का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.
- मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीसाठी काय मदत मिळते, ते विचारा.
- काम करून शिकण्याची सोय आहे का? ॲडव्हेंटिस्ट शिक्षणात डोकं, हृदय आणि हात तिन्हींना काम देण्याची जुनी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना माहीत असलेल्या आपल्याला ती परकी वाटू नये.
- परिसर बघायला जाल तेव्हा इमारतीबरोबर झाडलोट करणाऱ्या मावशी, मेसमधले आचारी, गेटवरचे वॉचमन यांच्याशीही बोला. "पगार वेळेवर होतो का? सुट्टी मिळते का?" एवढंच विचारा.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. फेयॉलची समता आणि येशूची सेवा फळ्यावर लिहायला सोपी. ज्या संस्थेत ती स्वयंपाकघरापर्यंत पोचली आहे, तिथं मूल खऱ्या अर्थाने व्यवस्थापन शिकेल, मग संस्था कोणत्याही धर्माची असो. आणि जिथं ती पोचली नाही, तिथं भिंतीवर कितीही सुविचार लावले तरी मूल वेगळंच काहीतरी शिकून येईल.

आपलं मूल उद्या कुठल्यातरी ऑफिसात खुर्चीवर बसेल आणि कोणाचा तरी पगार, कोणाची तरी रजा त्याच्या सहीवर ठरेल. तो समोरचा माणूस बहुतेक आपल्यासारख्याच घरातून आलेला असेल. त्याचं नाव आपल्या मुलाला माहीत असावं, एवढं शिक्षण तरी त्याला मिळू द्या.