कळसूबाईची हवा दादरला

'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर.' हे वाक्य आपण सगळेच शिकवतो आणि मुले पाठ करतात. लालबागच्या आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीने एकदा विचारले, "बाई, ही उंची मोजली कुणी? टेप कुठून कुठवर धरला?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही त्याचे धड उत्तर देता आले नाही.

नंतर शोध घेतला तेव्हा कळले की टेपचे एक टोक आपल्याच गावात आहे. डोंगरांची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. भारतासाठी ही पातळी १९०९ साली नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवली गेली, आणि त्या नऊ बंदरांत मुंबई होती. म्हणजे आपला शून्य गिरगाव चौपाटीवर, भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ यांच्या मध्ये कुठेतरी आहे असे म्हणायला हरकत नाही. दुसरे टोक कळसूबाईच्या माथ्यावर. सर्वेक्षण करणारे लोक दुर्बिणीने कोन मोजून त्रिकोणांच्या हिशेबाने ही उंची काढत आले. आमच्याकडे तशी उपकरणे नव्हती. पण प्रयोगशाळेत तापमापक होता, आणि उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते हे पुस्तकात होते. आपल्याकडच्या उबदार हवेत ३०० मीटरहून थोडे अधिक वर गेले की उत्कलनबिंदू एक अंश उतरतो. मग ठरले, कळसूबाईवर जाऊन पाणी उकळायचे.

ही पहिली सहल परीक्षा संपल्यावर, म्हणजे एप्रिलअखेरीस निघाली. ही आमची पहिली चूक. दादरहून पहाटेची कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपने घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने अकोले तालुक्यातले बारी हे गाव. पायथ्याला पोचेपर्यंत उन्हे चांगलीच वर आली होती.

बारीपासून माथा सुमारे नऊशे मीटर उंच आहे. हा आकडा मुलांना सांगून कळत नाही. चाळीच्या भाषेत सांगावा. एक मजला तीन मीटरचा धरला तर तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नऊ मीटर. ते शंभर वेळा चढायचे, तेही एका दमात, उन्हात, पाठीवर पिशवी घेऊन. जिन्याची उपमा तशी भूगर्भशास्त्राचीच आहे. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा प्रदेश बनला. कठीण थराचे उभे कडे उरले आणि मऊ थर झिजून मधले सपाट टप्पे झाले. अशा डोंगरांना 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द मूळ स्वीडिश आहे आणि त्याचा अर्थ जिना. कळसूबाईवर उभ्या कड्यांपाशी लोखंडी शिड्या लावल्या आहेत. सपाट टप्प्यांवर वाट जरा दम घेऊ देते.

दुसऱ्या शिडीनंतर दोन मुलांच्या पायांत गोळे आले. एकाला उलटी झाली. पाणी संपत आले होते, कारण आम्ही माणशी एक लिटर पाणी घेतले होते आणि ते 'पुरेसे' वाटले होते. पुरेसे म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही परतल्यावर केला. तो निघण्यापूर्वी करायला हवा होता. चाळीस किलोचे मूल नऊशे मीटर चढते तेव्हा उचलण्याचे काम होते सुमारे साडेतीन लाख ज्यूल, म्हणजे ८४ किलोकॅलरी. पण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेच्या फार तर पाव भागाचे काम करतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे सुमारे २५० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकायला हवी. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. नुसत्या चढण्यापायीच जवळजवळ अर्धा लिटर घाम गेला. त्यात एप्रिलचे ऊन, तापलेला काळा खडक, न वाळता नुसता गळून वाया गेलेला घाम आणि उतरण्याचे कष्ट मिळवा. एक लिटरचे गणित सुटतच नाही.

आमच्यापैकी दोघे शिक्षक त्या तीन मुलांना घेऊन सावलीत थांबले आणि मग खाली उतरले. बाकीचे माथ्याजवळ पोचले. तिथल्या टपरीवर चहाचे आधण ठेवलेले होते. टपरीवाल्या मावशींनी कौतुकाने तापमापक आधणात धरू दिला. पाणी खळखळत होते आणि पारा ९३ अंशांवर स्थिर होता.

शंभरातून ९३ गेले, उरले सात. सात गुणिले ३१०. कळसूबाईची उंची निघाली २१७० मीटर!

खाली आल्यावर आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाले, मुलांना सांगू की प्रयोग जमला नाही आणि विषय संपवू. परीक्षेत १६४६ लिहायचे आहेच. पण ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिच्याच वहीत २१७० लिहिलेले होते. पुस्तक चूक की आपण चूक, हे शोधल्याशिवाय ती वही मिटणे आम्हाला बरे वाटेना. सोमवारी शाळेत त्याच तापमापकाने पाणी उकळून पाहिले. लालबागमध्ये, समुद्रापासून जेमतेम काही मीटरवर, पाणी 'उकळले' ९८ अंशांना. तापमापकच दोन अंश कमी दाखवत होता! ९८ वजा ९३ म्हणजे पाच अंश आणि सुमारे १५५० मीटर. आकडा एकदम शहाण्यासारखा झाला. तरी एक अडचण उरलीच. आमच्या तापमापकावर अर्ध्या अंशाहून बारीक वाचता येत नाही, आणि अर्धा अंश म्हणजे दीडशे मीटर.

इथे थोडे फ्रान्समध्ये जाऊन येऊ. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोराँ पेरिए हा गृहस्थ काही सोबत्यांसह प्युई द डोम नावाच्या डोंगरावर चढला. उंची १४६५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. पायथ्याच्या क्लेरमाँ गावापासून चढ मात्र सुमारे हजार मीटरचा. त्याचा मेहुणा ब्लेझ पास्कल याने त्याला हे काम सांगितले होते. नळीतला पारा हवेच्या वजनाने तोलला जात असेल तर डोंगरावर, जिथे डोक्यावर हवा कमी आहे, तिथे तो उतरला पाहिजे. पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर उतरला. हा प्रयोग पुस्तकांत असतो. पुस्तकांत सहसा नसते ते हे, की पेरिएने दुसरी नळी पायथ्याच्या मठाच्या बागेत ठेवली होती आणि एका धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितले होते. ती नळी दिवसभर हलली नाही, म्हणून वरचा फरक उंचीचाच हे सिद्ध झाले. आम्ही चढलो होतो, पण खालची नळी पाहायला कुणाला ठेवले नव्हते.

दुसरी सहल डिसेंबरात, मधल्या वारी काढली. रविवारी आणि नवरात्रात कळसूबाईवर गर्दी असते. त्या दिवशी माथ्यावर देवीचे छोटे देऊळ, वारा आणि आम्ही, एवढेच होतो. एकीकडे भंडारदऱ्याचे पाणी, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग. माणशी तीन लिटर पाणी होते, आणि एक नियम: एक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे, मग माथा दहा मिनिटांवर असला तरी. बाराला वर पोचलो.

या वेळी जाळ करायचा नव्हता. हा सगळा परिसर अभयारण्याचा आहे आणि डिसेंबरात गवत वाळलेले असते. आम्ही पाण्याच्या तीन रिकाम्या, आतून कोरड्या प्लॅस्टिकच्या बाटल्या नेल्या होत्या. माथ्यावर त्या उघडून वाऱ्यात धरल्या, सावलीतले तापमान घेतले (२१ अंश) आणि झाकणे घट्ट लावली. चौथी बाटली दादरलाच बंद करून नेली होती. ती वर ढोलासारखी टणक फुगली होती, मुलांच्या पिशव्यांतली वेफर्सची पाकिटेही तशीच. परतीच्या लोकलमध्ये कल्याणच्या सुमारास वरच्या बाटल्यांच्या कुशी आत गेलेल्या दिसू लागल्या. दादरला उतरताना चौथी पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. ही आमची मठातली नळी.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेत बादलीभर पाणी घेतले, तापमान २७ अंश. बाटल्या झाकणासकट दहा मिनिटे बुडवून ठेवल्या, मग पाण्याखालीच उलट्या धरून झाकणे उघडली. पाणी झपकन आत घुसले. बाटलीतली आणि बादलीतली पाण्याची पातळी सारखी आणून झाकण लावायचे आणि आत आलेले पाणी मोजपात्रात ओतायचे. पहिल्या बाटलीत १६० मिलिलिटर, दुसरीत १५५, तिसरीत जवळजवळ काहीच नाही. तिचे झाकण ढिले राहिले होते आणि वाटेतच मुंबईची हवा आत शिरली होती.

पहिल्या बाटलीचे गणित असे. काठोकाठ भरली तर तिच्यात १०६० मिलिलिटर पाणी मावते. १६० पाणी आले, म्हणजे माथ्यावरच्या १०६० मिलिलिटर हवेची खाली ९०० झाली. गुणोत्तर ०.८४९. पण हवा खाली येताना तापलीही. केल्व्हिनमध्ये २९४ ची ३०० झाली. ती वाढ वजा करायला २९४ भागिले ३०० ने गुणले की दाबाचे गुणोत्तर मिळते: ०.८३२. माथ्यावर हवेचा दाब मुंबईच्या ८३ टक्के. याचा अर्थ, एका दिवसात जाऊन येताना आपण वातावरणाचा सहावा हिस्सा पायांखाली टाकून येतो.

आता उंची. हवा वरपर्यंत खालच्याइतकीच दाट असती, तर ती आपल्याकडच्या तापमानाला सुमारे ८७०० मीटरवर संपली असती. प्रत्यक्षात ती वर विरळ होत जाते, म्हणून खालच्या आणि वरच्या दाबाची सरासरी घ्यायची. लॉगॅरिथम न वापरता दहावीपर्यंत चालेल असे सूत्र: दाबांतला फरक भागिले दाबांची बेरीज, गुणिले ८७०० ची दुप्पट. ०.१६८ भागिले १.८३२, गुणिले १७४००. उत्तर सुमारे १५९५ मीटर.

पन्नास मीटर कमी. मुलांनी लगेच विचारले, हे कुठे गेले? मोजपात्रात पाच मिलिलिटर इकडेतिकडे झाले तर उत्तरात जवळजवळ पन्नास मीटरचा फरक पडतो. दुसऱ्या बाटलीचे उत्तर म्हणूनच आणखी खाली आले. शिवाय आपल्या भागात हवेचा दाब रोज घड्याळासारखा वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. हा फरक तीन-चार मिलिबारचा असतो आणि समुद्रसपाटीजवळ एक मिलिबार म्हणजे साडेआठ मीटर. बाटल्या बंद केल्या बाराला आणि उघडल्या दहाला. म्हणजे डोंगर न हलताही उत्तर दहा-पंधरा मीटर हलते. कुलाबा वेधशाळेतून दोन्ही वेळांचा दाब मिळवला तर ही दुरुस्ती वर्गातच करता येईल.

त्या मुलीच्या वहीत २१७० खोडलेले नाही. त्याखाली १५५०, त्याखाली १५९५, प्रत्येकासमोर कारण. १६४६ शेवटी लिहिले आहे, आणि शेजारी तिचा नवा प्रश्न: बाटली दोन लिटरची घेतली तर पाच मिलिलिटरची चूक निम्मी होईल ना? होईल. पुढच्या डिसेंबरात दोन लिटरच्या न्यायच्या ठरल्या आहेत, झाकणे आधी तपासून.