जाळे कापले, मासा वाचला

आमच्या आष्टीपासून (जि. जालना) समुद्र फार दूर, तरी मुलांना हे जरूर वाचून दाखवा. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. लांबी एस.टी. बसएवढी, पण खाणे मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, म्हणून फोटोवरून तो ओळखता येतो. गुजरातच्या किनाऱ्यावरील त्याची कत्तल माइक पांडे यांनी कॅमेऱ्याने टिपली. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

पण तो जाळ्यात अडकला तर जाळे कापावे लागते. गरीब मच्छीमाराने हे नुकसान कसे सोसावे? म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. पुरावा म्हणून सुटकेचा फोटो किंवा चित्रफीत द्यावी लागते. समुद्री जिवांचे फोटो ही पैसेवाल्यांची हौस. कष्टकऱ्याच्या हाती तोच फोटो मासाही वाचवतो आणि जाळ्याचे पैसेही.